बोगदा खणणारा किडा आमच्या उघाडीत राहत होता

नवी मुंबईतल्या अभियांत्रिकी, वास्तुरचना आणि डिझाइन महाविद्यालयांच्या प्राध्यापकांस,

सप्रेम नमस्कार.

मी शिकवणारा माणूस नाही. आयटीआय करून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कंपन्यांत ३१ वर्षं फिटर म्हणून काढली. पंप, व्हॉल्व्ह आणि गळणाऱ्या फ्लँजा हेच माझं विश्व. आता घणसोली गावात घरी असतो.

मागच्या महिन्यात पुतणीच्या कॉलेजात ‘निसर्गाकडून तंत्रज्ञानाकडे’ असं प्रदर्शन होतं. ती म्हणाली, काका, तुम्हाला आवडेल. गेलो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या कॉलेजात गेलो असतो तरी हेच दिसलं असतं असा माझा अंदाज आहे. एकूण २६ पोस्टर होती. नऊंवर खंड्या आणि जपानची बुलेट ट्रेन, सातांवर वेल्क्रो, पाचांवर कमळ, तिनांवर वारूळ, दोनांवर पाल. चित्रं इतकी सारखी की नऊही खंड्ये एकाच फांदीवर बसलेले. मुलांवर माझा राग नाही, पोरं हुशार होती, धडाधड बोलत होती. एकाला विचारलं, खंड्या कुठे पाहिलास? तो म्हणाला, व्हिडिओत. कॉलेजपासून खाडी रिक्षाने पंधरा मिनिटं. तारेवर बसलेला खंड्या तिथे रोज दिसतो.

तिथल्या एका सरांना विचारलं, मुलांना खाडीवर नेता का कधी? ते म्हणाले, सिलॅबसमध्ये बसत नाही, शिवाय चिखलात कुणी पडलं तर जबाबदारी कोणाची? जबाबदारीचा मुद्दा मला पटला. सिलॅबसचा पटला नाही, म्हणून हे पत्र.

माझ्याकडे लाकडाची एक फळी आहे. हातभर लांब, चार बोटं जाड. माझ्या वडिलांच्या ताब्यात खारजमिनीची एक उघाडी होती, तिच्या झापेची, म्हणजे दाराची, ही फळी. नव्या मंडळींसाठी सांगतो: नवी मुंबई वसवणारी सिडको आली १९७० साली. त्याआधी इथे आम्हा आगऱ्यांची खारी शेती होती आणि मिठागरं होती. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घालायचे आणि बांधात मध्येच पावसाचं पाणी बाहेर जायला वाट ठेवायची, ती उघाडी. आमच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, त्यामुळे घरात ती ‘उघारी’.

ही फळी बाहेरून बघाल तर ठणठणीत दिसते. तोंडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, तीही शोधावी लागतात. मी ती करवतीने आडवी कापली तेव्हा आत पाहिलं. करंगळी जाईल एवढे बोगदे, एकाशेजारी एक, आणि प्रत्येक बोगद्याला आतून पांढरं अस्तर. नखाने खरवडलं तर चुन्यासारखी भुकटी निघते. दोन बोगद्यांमधली भिंत काही ठिकाणी कागदाएवढी पातळ, पण एक बोगदा दुसऱ्यात घुसलेला एकदाही सापडला नाही. शेजाऱ्याची चाहूल लागली की तो वळतो.

हे काम करणाऱ्याला इंग्रजीत शिपवर्म म्हणतात, पण तो किडा नाहीच. तो तिसऱ्यांच्या, कालवांच्या भावकीतला. अंग गांडुळासारखं लांब आणि मऊ, डोक्याशी मात्र दोन छोट्या शिंपल्या उरलेल्या. त्यांवर कानशीसारखे दाते असतात आणि तो त्या घासून घासून लाकूड किसत पुढे सरकतो. किसलेलं लाकूड खातो, ते पचवायला त्याच्या कल्ल्यांमध्ये जिवाणू राहतात. अंगातून चुना सोडून मागच्या भिंतीला गिलावा करत जातो. शेपटीचं टोक कायम दाराशीच. ओहोटीला पाणी हटलं की शेपटीजवळच्या दोन चकत्यांनी दार बंद करून आत ओल धरून बसतो. मी आयुष्यभर स्टॉपकॉक बसवले, इतका नीट बसलेला एकही आठवत नाही.

आता ही गोष्ट लंडनला जाते. मार्क ब्रुनेल नावाचा फ्रान्समध्ये जन्मलेला इंजिनिअर चॅथमच्या गोदीत काम करत होता. तिथे त्याने जहाजाचं असंच पोखरलेलं लाकूड पाहिलं. त्या काळी नदीखालून बोगदा काढायला गेलं की चिखल अंगावर कोसळायचा, माणसं मरायची. ब्रुनेलच्या लक्षात आलं की हा प्राणी दोन कामं एकदम करतो: तोंडाशी खणणारा भाग कवचाच्या आडोशाला ठेवतो आणि पाठीमागची भिंत लगेच पक्की करतो. १८१८ साली त्याने टनेलिंग शील्डचं पेटंट घेतलं. पुढे थेम्सखाली जी शील्ड प्रत्यक्ष वापरली तिच्यात बारा लोखंडी चौकटी, प्रत्येकीत तीन खाने, म्हणजे ३६ मजूर, तीन थरांत उभे. प्रत्येकाने समोरची एक फळी काढायची, काही इंच माती काढायची, फळी परत लावून स्क्रू जॅकने दाबायची. सगळ्यांचं झालं की चौकट पुढे ढकलायची आणि मागे गवंडी विटा लावत यायचे. १८२५ ला काम सुरू झालं, मध्ये नदी अनेकदा आत घुसली, माणसं गेली, पैसे संपले. १८४३ ला बोगदा उघडला. लांबी जेमतेम ४०० मीटर, आणि त्यातून आजही लोकल धावते.

टीबीएम म्हणजे टनेल बोअरिंग मशीन, ते या शील्डच्याच पुढच्या पिढीतलं पोर. समोर फिरतं डोकं, भोवती पोलादी कवच, मागे काँक्रीटचे सेगमेंट एकेक गोल करून बसवत जायचे. कानशी, कवच, गिलावा.

आणि हे यंत्र आता कुठे वापरायचं ठरलंय? माझ्या घराशेजारी. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत जमिनीखालून जाणार, २१ किलोमीटर, त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीच्या खालून. शिळफाटा ते घणसोली हा जवळपास पाच किलोमीटरचा तुकडा सुरुंग लावून खोदला, आमच्या खिडक्यांना त्याची आठवण आहे. उरलेले १६ किलोमीटर टीबीएमचे, यंत्राच्या डोक्याचा व्यास १३.६ मीटर, म्हणजे चार मजली घर आडवं पडेल एवढा. ज्या खाडीतल्या लाकडात हा प्राणी बोगदे काढतो, तिच्याच तळाखालून त्याच्याकडून शिकलेलं यंत्र जाणार. २६ पोस्टरांत याचा एक शब्द नव्हता. नऊ पोस्टरांवर बुलेट ट्रेन होती, पण ती जपानात.

खंड्याबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण ती गोष्ट खरी आणि चांगली आहे. जपानची ५०० सीरिज १९९७ साली ताशी ३०० किलोमीटरने धावायला लागली. त्याआधी अडचण अशी होती की गाडी इतक्या वेगात अरुंद बोगद्यात शिरली की समोरची हवा पिचकारीच्या दट्ट्यासारखी दाबली जायची आणि पलीकडच्या तोंडाशी तोफेसारखा आवाज व्हायचा. एइजी नाकात्सु हे इंजिनिअर स्वतः पक्षी बघणारे. हवेतून पाण्यात, म्हणजे पातळातून दाटात, शिंतोडे न उडवता कोण शिरतं, हा प्रश्न त्यांना पडला तो खंड्या आधी डोळ्यांनी पाहिलेला होता म्हणून. मग त्यांच्या लोकांनी वेगवेगळ्या आकारांच्या गोळ्या नळीत मारून दाब मोजला, आणि जो आकार जिंकला तो चोचीच्या जवळचा निघाला. गाडीचं नाक १५ मीटर लांब झालं. वरच्या तारेला टेकणाऱ्या पँटोग्राफचा आवाज घुबडाच्या पिसाच्या दातेरी कडेवरून कमी केला, हे मात्र पोस्टरवाल्यांपैकी एकालाच माहीत होतं. त्या मुलीला बक्षीस मिळालं नाही.

वेल्क्रोवर वेळ घालवत नाही. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांच्या कुत्र्याच्या केसांत काटेरी बोंडं अडकली, १९४१ ची गोष्ट, सगळ्यांना पाठ आहे. एवढंच म्हणतो की गणपतीच्या पत्रीत जो आघाडा असतो त्याच्या काठीवरून उलटा हात फिरवा, पायजम्याला चिकटलेली फळं भिंगाखाली बघा. पोरांना कळेल.

कमळाची पाच पोस्टर होती आणि पाचही पोस्टरांवर जर्मनीतल्या विल्हेल्म बार्थलॉट यांचं नाव होतं. बरोबर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पानं बघताना त्यांच्या लक्षात आलं की काही पानं धुवायची गरजच पडत नाही. पानावर बारीक उंचवटे, त्यांवर मेणाचे त्याहून बारीक कण. पाण्याचा थेंब फक्त शेंड्यांवर टेकतो, खाली हवा राहते, थेंब गोळी होऊन घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. त्यावरून १९९९ मध्ये बाहेरच्या भिंतींसाठी रंग बाजारात आला.

पण मंडळी, आपल्या भाषेत ‘अळवावरचं पाणी’ आहे ना! शेकडो वर्षं आपण ते क्षणभंगुरतेसाठी वापरतोय, कीर्तनात ऐकतोय, आणि फदफद्यासाठी पान चिरताना रोज बघतोय. त्या पानावर पाणी का टिकत नाही, असं मात्र आपल्यापैकी कुणी विचारलं नाही. मीही नाही. पोस्टर पाहून घरी आलो आणि मोरीच्या मागे आलेलं अळू तोडलं. पानावर चिमूटभर हळद टाकली, वरून चमच्याने पाणी सोडलं. पिवळी गोळी घरंगळत गेली, मागे हिरवी कोरी वाट. मग पानाचा एक कोपरा अंगठ्याने दोनदा चोळला. पान फाटलं नाही, फक्त थोडं गडद दिसायला लागलं. तिथे पाणी टाकलं तर पसरून चिकटून बसलं. मेण गेलं की खेळ संपला. दहा मिनिटांचा प्रयोग, खर्च शून्य. प्रदर्शनात मात्र पाच कमळांचे प्रिंट, फ्लेक्सवर.

वारुळाच्या पोस्टरांशी माझं भांडण आहे. झिंबाब्वेच्या हरारे शहरात मिक पिअर्स यांनी १९९६ मध्ये ईस्टगेट सेंटर बांधलं, वाळवीच्या वारुळावरून सुचलेलं, नेहमीचा एसी न लावता चालणारं. इमारत खरंच चालते. रात्रीची थंड हवा आत घेऊन काँक्रीट गार करायचं आणि दिवसा तो गारवा वापरायचा. पण पोस्टरवर लिहिलं होतं की वाळवी वारुळात चिमणीसारखी गरम हवा वर सोडते आणि घर थंड ठेवते. नंतरच्या संशोधनात वेगळंच दिसलं. वारुळाचा मुख्य धंदा थंडाव्याचा नाही, श्वासाचा आहे. बाहेरचा वारा कमीजास्त होतो तशी आतली हवा फुप्फुसासारखी ढवळली जाते. आतलं तापमान बरंचसं जमिनीच्या तापमानामागे चालतं. म्हणजे माणसाने वारूळ चुकीचं वाचलं आणि तरी इमारत चांगली बांधली! मला तर हे त्या सगळ्या गोष्टीतलं सर्वात मजेशीर वाटतं आणि नेमकं हेच कुणी मुलांना सांगितलं नाही. येऊरच्या जंगलात वारुळं आहेत, ठाण्याहून बस जाते. आणि ऐरोली-महापेच्या काचेच्या इमारती पश्चिमेला तोंड करून उन्हात तळत उभ्या आहेत, आतले लोक एसीत स्वेटर घालून. असो.

आता परत उघाडीकडे येतो, कारण ती माझ्या धंद्याची गोष्ट आहे. उघाडीची झाप खाडीच्या बाजूने वर बिजागरीला टांगलेली. भरतीला खाडीचं पाणी बाहेरून दाबतं, झाप चौकटीवर घट्ट बसते. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरतं, आतलं पावसाचं पाणी झापेला ढकलून निघून जातं. मोटर नाही, माणूस नाही. कंपनीत आम्ही याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणायचो. माणसाच्या पायातल्या शिरांतही अशाच झडपा असतात, रक्त खाली परत येऊ नये म्हणून. विल्यम हार्वीने १६२८ मध्ये दंडाला पट्टी बांधून, शिरेवर बोट दाबून लोकांना हे दाखवलं. आमच्या पूर्वजांनी हार्वी वाचला होता असा माझा दावा नाही. एकच अडचण तीन ठिकाणी आली आणि तिन्ही ठिकाणी तोच तोडगा निघाला, एवढंच. नवी मुंबईत पावसाचं पाणी साठवायला जे धारण तलाव आहेत त्यांच्या तोंडाशी भरतीला मिटणारी फ्लॅपची दारं आहेत. म्हणजे उघाड्याच, फक्त लोखंडाच्या. पाऊस आणि उधाणाची भरती एकत्र आली की अर्ध्या शहराची मदार त्यांच्यावर. तुमच्या सिव्हिलच्या मुलांना विचारा, किती जणांना आपल्या शहरातलं हे दार दाखवता येईल.

वडील झापेला गळती लागली की चिखल आणि पेंढा लावायचे, वर्षातून एकदा फळ्या बदलायचे. फळ्या का बदलायच्या, ते वर सांगितलंच. उघाडीचा शत्रू आणि बोगद्याचा गुरू एकाच फळीत राहत होता.

उघाडीच्या बाहेर तिवरं. तिवराच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली असतात, ती तुम्ही पाम बीच रोडवरून गाडीतून पाहिली असतील. ती श्वास घेतात. खाडीच्या चिखलात हवा नाही, पाय घातला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो, त्यात मुळं गुदमरून मरायला हवीत. गंमत पुढे आहे. भरतीला मुळं बुडली की त्यांच्यावरची बारीक छिद्रं पाणी आत घेत नाहीत. आतला प्राणवायू झाड वापरतं, तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून जातो, म्हणून आतला दाब कमी होत जातो. ओहोटीला मुळं उघडी पडली की बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. हा पंप आहे, सर. हलणारा एकही भाग नसलेला, समुद्राच्या वेळापत्रकावर चालणारा. मी पंपांच्या ग्लँड पॅकिंगमध्ये आयुष्य घातलं, मला विचारा याची किंमत. आणि तिवराचं पान चाटून बघा, खारट लागेल. झाड मीठ पानावरून बाहेर टाकतं.

फ्लेमिंगोंचे पुतळे आपण शहरात जागोजागी उभे केलेत, भिंतींवर रंगवलेत. दिसायला छान आहेत. माझ्या डोक्यात मात्र स्ट्रेनर येतो. कंपनीत आठवड्यातून दोनदा स्ट्रेनर चोक व्हायचा, लाइन बंद, जाळी काढा, घासा, परत बसवा. फ्लेमिंगो डोकं उलटं करून तीच गाळणी दिवसभर चालवतो. चोचीच्या कडेला बारीक झालर, जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे, पाणी आत-बाहेर, शेवाळ आणि बारीक जीव आत राहतात. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की तो चोच झपाझप हलवून आणि डोकं झटक्यात वर ओढून पाण्यात भोवरे तयार करतो आणि त्या भोवऱ्यांत खाणं गोळा होतं. यातून गाळणीची नवी रीत निघू शकते. हे संशोधन प्राणिसंग्रहालयातल्या पक्ष्यांवर झालं. आपल्याकडे हजारोंचे थवे ठाणे खाडीत उतरतात, २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, आणि आपल्या वाट्याला त्यांचे फायबरचे पुतळे!

मागणी छोटी आहे. पुढच्या वर्षी असं प्रदर्शन ठेवाल तेव्हा एकच अट घाला: पोस्टरवरचा जीव मुलाने स्वतः पाहिलेला असला पाहिजे आणि त्याने काढलेलं हाताचं चित्र सोबत पाहिजे. कसंही वाकडंतिकडं चालेल. कमळ, खंड्या काहीही येऊ द्या, अळू तर येऊच द्या. आणि दरवर्षी एक ओहोटी मुलांना खाडीवर न्या. ऐरोलीला सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून रीतसर परवानगीने, होडीने, लाइफ जॅकेट घालून जाता येतं. जबाबदारीचा प्रश्न तिथे सुटतो. तिवराची फांदी मोडू नका, तो गुन्हा आहे.

वेळ कशी काढायची तेही सांगतो, अॅप नको. तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. आमच्याकडे खाडी आत असल्याने थोडं मागेपुढे धरा. अमावस्येला भरती बाराच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या आसपास, आणि ती उधाणाची ओहोटी, चिखल लांबवर उघडा पडतो.

येणाऱ्या अमावस्येला मी घणसोलीच्या खाडीकडे जाणाऱ्या वाटेवर पावणेसहाला उभा असेन. कुणी आलात तर चामड्याचे बूट घालून येऊ नका. फळी मी पिशवीत आणतो, सोबत करवतही. अजून कापायला एक वीत शिल्लक आहे.

आपला,
एक निवृत्त फिटर
घणसोली गाव, नवी मुंबई